प्रवाळ बघायचं, आणायचं नाही!

प्राणिशास्त्राच्या विभागात नोकरी केली की दोन गोष्टी साठत जातात. एक, फॉर्मालिनच्या बरण्या आणि दुसरी, किस्से. बरण्यांवरची धूळ निदान पुसावी तरी लागते. किस्से मात्र न पुसता चकचकीत राहतात! आम्ही परभणीचे जुने सहकारी आजही चहाला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "साळवे, त्या समुद्राच्या सहलीचं सांगा की!" मग माझा चहा थंड होतो.

परभणीचा आणि समुद्राचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही! मी स्वतः सोनपेठचा. पाणी म्हणजे गोदावरी, एवढीच माझी समज. पण आमचे विभागप्रमुख पाथरीकर सर हट्टी माणूस. ते म्हणायचे, "जिवंत प्रवाळ बघितल्याशिवाय माझा विद्यार्थी बी.एस्सी. होणार नाही." म्हणून दर वर्षी आमची सहल निघायची. परभणीहून सिकंदराबाद, तिथून मद्रास, आणि मद्रासहून रामेश्वरच्या गाडीनं मंडपम. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती वर्षं. बाहेर वातावरण कसंही असो, सरांची सहल ठरलेली.

सरांचा नियम एकच. प्रवाळ बघायचं, आणायचं नाही. दुसऱ्या कॉलेजांची पोरं पोतीच्या पोती भरून नेत तेव्हा, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. सर मात्र गाडी सुटण्याआधी प्लॅटफॉर्मवर दर वर्षी तेच सांगत, "ज्या दिवशी आपल्या जाण्यानं तिथं नुकसान व्हायला लागेल, त्या दिवशी ही सहल बंद. कायमची!"

हे ऐकलं की मी मनात म्हणायचो, तो दिवस कधी न येवो. कारण आमच्या पोरांना या सहलीशिवाय समुद्र दिसणार नव्हता, हे मला चांगलं ठाऊक होतं. मलाही तो तसाच दिसला होता.

*

पहिली अडचण समुद्राची नव्हती, पालकांची होती. मानवतजवळच्या एका गावात दत्तराव नावाचे कापसाचे मोठे शेतकरी. त्यांची कुंदा आमच्याकडे शिकायला. दत्तरावांनी परवानगी साफ नाकारली. सर आणि मी समजूत काढायला गेलो.

"पाण्यातले दगड बघायला दिवसच्या दिवस रेल्वेत बसायचं? गोदावरीत दगड कमी हायत का?"

सर म्हणाले, "दगड नाहीत ते. जिवंत प्राणी आहेत."

"मग आमच्या गोठ्यात न्हाईत का जिते प्राणी?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सहज बोललो, "तिथून रामेश्वर अगदी जवळ आहे."

दत्तराव ताडकन उठले. "आवं, मग ते आदुगर सांगायचं की! मी बी येतो!"

आले! नुसते आले नाहीत, कायमचे चिकटले. कुंदा पास झाली, तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, तरी सहलीच्या दिवशी दत्तराव वळकटी घेऊन स्टेशनवर हजर. सर एकदा म्हणाले, "दत्तराव, तुमची मुलगी आता कॉलेजात नाही."

"ती न्हाई. मी हाय की!"

*

प्रवाळ म्हणजे पोवळं, आणि पोवळं म्हणजे मंगळाचा खडा, ही बातमी कॉलेजभर पसरायला वेळ लागला नाही. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कांच्या मुलीला कडक मंगळ. ते एके दिवशी हळूच सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, तुम्ही तिकडे जाताच आहात. एक बारीकसा तुकडा..."

सरांनी शांतपणे समजावलं. अंगठीतलं लाल पोवळं वेगळं, ते दुसऱ्याच समुद्रात होतं. आम्ही बघतो ते प्रवाळ दिसायला मातकट, त्याचा खडा होत नाही. शिवाय ते जिवंत असतं, चक्क रात्री हात बाहेर काढून जेवतं.

हेडक्लार्क विचारात पडले. मग म्हणाले, "जिवंत असतं? मग तर मंगळाला जास्तच लागू पडेल की हो!"

*

पहिल्या वर्षी ओहोटीच्या वेळी आम्ही प्रवाळाच्या उथळ कट्ट्यावर उतरलो. गुडघाभर पाणी. सरांनी हात वर करून सांगितलं, "मुलांनो, तुमच्या पायाखाली आहे ते सगळं जिवंत आहे!"

झालं! आमची पोरं शेतकऱ्यांची. खळ्यावर चपला घालून जायचं नाही, हे त्यांना चालता यायच्या आधीपासून माहीत. सरांचं वाक्य संपायच्या आत पुढच्या रांगेनं चपला काढल्या. मागच्यांनी पुढच्यांचं बघून काढल्या. दत्तरावांनी तर वहाणा काढून काखेत धरल्या आणि वर पाण्याला हात लावून नमस्कार केला.

प्रवाळ म्हणजे वस्तऱ्याची धार. पुढच्या मिनिटाला जो आरडाओरडा उठला!

आमचे प्रयोगशाळेतले रहीमभाई टिंचरची बाटली घेऊन या पायाकडून त्या पायाकडे पळत होते. शेवटी बाटली उलटी करून दाखवत ओरडले, "सर, टिंचर खतम! पाँव अभी बाकी हैं!"

सर कपाळाला हात लावून उभे. "अहो, चपला काढायला कुणी सांगितलं होतं?"

दत्तराव एका पायावर उभे राहून म्हणाले, "जित्या जीवावर वहाणा घालून जायचं व्हय सर?"

बोटीत बसल्यावर सर मला म्हणाले, "साळवे, माणूस बरोबर बोलला. वहाणा घालून जायचं नाही आणि अनवाणी तर नाहीच नाही. आपण तिथं पाय ठेवायचाच कशाला?"

*

पाय न ठेवता बघायचं कसं? सरांनी डोकं लढवलं. परभणीतल्या एका पत्र्याच्या कारागिराकडून करडीच्या तेलाचा मोठा डबा कापून घेतला आणि तळाला काच बसवली. बोटीतून डबा पाण्यावर टेकवायचा, वरून तोंड घालायचं, की खालचं सगळं स्वच्छ दिसतं.

आता ट्रायल कुठं घ्यायची? पिंगळीला सरांच्या मित्राची पायऱ्यांची विहीर होती. आम्ही दोघं इस्त्रीच्या पँटी घालून शेवटच्या पायरीवर पालथे पडलो आणि आळीपाळीनं डब्यात तोंड घालायला लागलो. थोड्या वेळानं वर बघतो तर काठावर निम्मं गाव!

एक म्हातारबा ओरडले, "काय सापडलं का वो?"

सर डब्यातूनच म्हणाले, "गळतं का बघतोय!"

"आवं, आमची इहीर कशाला गळंल?"

आणि तेवढ्यात डबाच गळला. सर तोंड वर करतात तो मिशीतून पाणी आणि करडीचं तेल एकदमच ठिबकतंय! म्हातारबांनी गावाकडं वळून सांगितलं, "चला घरी. मास्तर लोक हायत. तेल काढायलेत."

*

त्या डब्यात फार तर दोन डोकी मावायची, तीही दाटीवाटीनं. त्याचा एक किस्सा मला सगळ्यात प्रिय आहे.

एका वर्षी आमच्या बॅचमध्ये एकाच गावची दोन पोरं होती. एक मराठ्याचा माधव, एक आमच्या समाजाचा मिलिंद. चळवळीच्या काळात त्यांच्या गावात मारामाऱ्या झाल्या होत्या. लहानपणी एका बाकावर बसलेली ही पोरं कॉलेजात तीन वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. रेल्वेतही एक या टोकाला, एक त्या टोकाला. मला ते बघवत नव्हतं, पण मी बोलणार काय? मी बोललो असतो तर मी कुणाच्या बाजूचा, हे आधी मोजलं गेलं असतं.

बोटीत नंबर लावून बघणं चाललं होतं. नेमका या दोघांचा नंबर एकदम आला. दोघंही थबकले. मागून पोरं ओरडायला लागली, "आरं बघा की लौकर!" शेवटी दोघांनी, एकमेकांकडे न बघता, डब्यात डोकी घातली.

मग डब्यातून घुमलेला माधवचा आवाज आला, "सरक की जरा! तुझं डोकं लय मोठं हाय!"

मिलिंद म्हणाला, "डोकं न्हाई, कान. ते बघ ते, निळा मासा!"

"कुठंय?"

"आरं, तुझ्या नाकाम्होरं!"

त्यांनी इतका वेळ डोकी बाहेर काढली नाहीत, की मागची पोरं वैतागून त्यांचे पाय ओढायला लागली. सरांनी मात्र सगळ्यांना थांबवलं. ते म्हणाले, "त्यांचं अजून बघून झालेलं नाही."

*

आमचा बोटवाला मुनियांडी. त्याला मराठी येत नव्हतं, दत्तरावांना तमिळ येत नव्हतं, आणि दोघांनाही गप्प बसता येत नव्हतं!

मुनियांडी बोट थांबवली की लोखंडी नांगर पाण्यात सोडायचा. तो पडायचा थेट प्रवाळावर. एका वर्षी दत्तरावांनी डब्यातून ते बघितलं आणि भडकले.

"उभ्या पिकात खुटा ठोकायलास व्हय रं?"

मुनियांडीनंही आवाज चढवला. हातवारे सुरू झाले. पर्यटकांच्या बोटी थांबल्या नाहीत तर तो खाणार काय, हे तो पोटावर हात मारून सांगत होता. दत्तराव पाण्याकडे, नांगराकडे आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून सांगत होते. हे सगळं तमिळ आणि मराठीत एकाच वेळी! आम्ही मध्ये पडणार, तेवढ्यात दोघं एकदम थांबले, मान डोलावली आणि एकमेकांचा तंबाखू खाल्ला.

पुढच्या वर्षी गेलो तर प्रवाळाच्या अलीकडच्या वाळूत मोठा दगड बुडवलेला, त्याला दोर, आणि दोराला वर तरंगणारा रिकामा डबा. मुनियांडीनं दिमाखात बोट त्या डब्याला बांधली. पर्यटकही खूश, प्रवाळही शाबूत.

इतकं भांडण होऊन इतकं एकमत झालेलं मी आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये कधी बघितलं नाही.

*

तरी एका वर्षी चोरी झालीच. परतीच्या वेळी सर प्लॅटफॉर्मवर प्रत्येकाची पिशवी तपासायचे. त्या वर्षीही तपासली. काही सापडलं नाही. सर खुशीत परभणीला आले.

घरी सरांच्या मंडळींनी धुण्याचे कपडे काढायला सरांचीच बॅग उघडली. धोतराच्या घडीत प्रवाळाचा हा एवढा तुकडा! कुणीतरी हुशारी केली होती. सर सगळ्यांच्या बॅगा तपासतात, पण स्वतःची तपासत नाहीत!

वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्षं मला सांगता की आणायचं नसतं!"

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गाला विचारलं. कुणी कबूल होईना. सरांनी आवाजही चढवला नाही. तो तुकडा काचेच्या पेटीत ठेवला, पेटी विभागाच्या दारात मांडली आणि वर स्वतःच्या हातानं पाटी लावली: 'पाथरीकर सरांनी चोरलेलं प्रवाळ.'

मी म्हणालो, "सर, हे काय? काढा ती पाटी!"

"चोर सापडेपर्यंत बॅगेचा मालकच चोर. राहू द्या."

आल्यागेल्यानं ती पाटी वाचली. प्राचार्यांनी वाचली. चोर काही पुढं आला नाही, पण त्यानंतर आमच्या कुठल्याही बॅचच्या बॅगेत वाळूचा कणसुद्धा सापडला नाही.

*

आता शेवटचा.

त्या वर्षी बंद, मोर्चे, संचारबंदी यांत कॉलेज महिनोन् महिने धड चाललं नाही. परीक्षा पुढं गेली, तशी सहलही. निघालो तेव्हा भर मे महिना. सर पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. सहल माझ्या हाती सोपवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

बोटीतून मी पाण्यात हात घातला आणि चमकलो. आंघोळीला काढलेलं पाणी असावं तसं कोमट! मुनियांडी काहीच बोलत नव्हता. दत्तरावांनी नेहमीप्रमाणे पहिला डबा लावला आणि आनंदानं ओरडले, "आरं देवा! काय बहार आलीय! पहिल्या वेचणीचं रान हाय रं हे!"

खाली सगळं पांढरंशुभ्र. जिथवर नजर जाईल तिथवर कापूस फुटलेला! पोरं वेडी झाली. पांढरं रान म्हणजे आमच्याकडं सुगी, घरात आनंद. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या बोटीनं वाजवल्या.

सरांनी डब्यात बघितलं. डोकं वर काढलं आणि खाली बसले.

"टाळ्या थांबवा. ते आजारी आहे."

सरांनी हळू आवाजात सांगितलं. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. मातकट रंग त्याचाच, आणि प्रवाळाला जेवू घालतं तेही तेच. समुद्र फार तापला की ते शेवाळ निघून जातं. मागं उरतो तो हा पांढरा.

दत्तराव सरांजवळ सरकले. "म्हंजी, मेलं?"

"अजून नाही. उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येईल, आणि तो मातकट रंगही. नाही निवलं, तर संपलं."

"आन् आमी टाळ्या वाजवायलाव!" दत्तरावांनी डोक्यावरची टोपी काढली. मग मुनियांडीला हातानं खूण केली, "फिरव बाबा माघारी. आजाऱ्याला बघून यावं, त्याच्या उशाशी जत्रा भरवू न्हाई."

परतीच्या गाडीत सर मला म्हणाले, "साळवे, हे सावरलं नाही, तर सहल बंद. मेलेलं प्रवाळ दाखवायला मी पोरांना इतक्या लांब नेऊ देणार नाही. आणि तापलेल्या पाण्यात कसंबसं जगत असेल, तर आपल्या बोटींचा आणखी ताप नको." मला रडू आलं, ते मी खिडकीकडं तोंड करून आवरलं.

त्यानंतर दत्तराव परभणीला आले की बाजार सोडून आधी आमच्या विभागात. दारातूनच विचारायचे, "सर, पेशंट कसा हाय?" सरांना तरी काय माहीत? पाऊस लागला तेव्हा भिजत आले आणि म्हणाले, "हितं तर निवलं. तिकडं निवलं आसंल का?"

शेवटी संक्रांत झाली आणि आम्ही तिघंच स्वखर्चानं निघालो. पोरं नाहीत, रहीमभाई नाहीत. मुनियांडी किनाऱ्यावर वाट बघत होता. मे महिन्यापासून त्यानं त्या बाजूला बोट नेली नव्हती. पर्यटकांना वाळूच्या बेटावर पोहायला नेऊन पोट भरलं होतं.

बोट थांबली. डबा मध्ये ठेवलेला. सर म्हणाले, "साळवे, तुम्ही बघा." मी म्हणालो, "सर, आधी तुम्ही." दोघांनाही धीर होईना.

दत्तरावांनी डबा उचलला आणि डोकं घातलं.

आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. कितीतरी वेळ ती हललीच नाही. मग गदगदा हलायला लागली. सरांनी माझा हात घट्ट धरला. दत्तरावांनी तोंड बाहेर काढलं, ओलंचिंब, आणि सगळ्या समुद्राला ऐकू जाईल असे ओरडले, "सर! मळलं! समदं मळलं!"

सरांनी त्यांच्या हातातला डबा अक्षरशः हिसकावला. मी सरांच्या शेजारी डोकं खुपसलं. मुनियांडी मागून आमच्या पाठीवर थापा मारत होता आणि सर डब्यात हसतायत का रडतायत, ते मला एवढ्या जवळून कळेना.

आमच्यापासून थोड्या अंतरावरून पर्यटकांची एक बोट चालली होती. आमचा गोंधळ बघून ती थांबली. तिच्यातल्या एका गॉगलवाल्या बाईंनी कॅमेरा सरसावत विचारलं, "भाईसाब, यहाँ क्या दिखा?"

दत्तरावांनी डोळे पुसत हात जोडले. "मैला हो गया, बाई! सबका सब मैला! देव की किरपा!"

बाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आपल्या बोटवाल्याला बोट दुसरीकडं न्यायला सांगितली.